कुंकवाखालची सही

आबा,

१. मागच्या आठवड्यात सांगलीहून एक संग्राहक आपल्याकडचा जुना कागद पाहायला उंब्रजला आले.
२. मजकूर कारकुनाच्या हातचा, खालची सही आरमाराच्या सरखेलाची, हे त्यांनी ओळखलं.
३. सही कुंकवाने झाकली आहे. ती स्वच्छ झाली, तर ते कागद काचेखाली जपतील. नाहीतर नको म्हणाले.
४. मी साताऱ्यात प्रयोगशाळेत काम करते, म्हणून सही स्वच्छ करण्याचं माझ्याकडे आलं.

काम अवघड नाही. शाई काजळीची आहे. ती स्पिरिटने हलत नाही. कुंकू हळदीचं, ते सुटतं. महायुद्ध संपल्यापासून स्पिरिटही पुन्हा मिळतं. कडेच्या एका ठिपक्यावर करून पाहिलं. खालचं अक्षर शाबूत निघालं.

दसऱ्याला तुम्ही तलवार, नांगराचा फाळ आणि हा कागद ओळीने मांडायचात. आपल्या कुणा पूर्वजाने सरखेलाच्या गलबतावर चाकरी केली, त्याची ही खूण. पारावरचे लोक चिडवत, "आरं आरमारवाल्या, तुजं गलबत कृष्णेत कुटं बांधलंयस रं?" तुम्ही हसायचात. मी एकदा कागदाला हात लावला, तेव्हा मात्र हसला नाहीत. "सरखेलाची सही हाय ती. बोट लावायचं न्हाई!" असं मला दटावलंत आणि स्वतःचं कुंकवाने ओलं बोट बरोबर त्या सहीवर टेकवलंत. मान म्हणून. दर दसऱ्याला, त्याच जागी.

मी सात वर्षांची असताना तुम्ही गेलात. तुमचा फोटो नाही. भिंगाखाली त्या कुंकवात तुमच्या बोटाच्या रेषा दिसतात, आणि त्यांना आडवा छेदणारा एक व्रण.

आईला विचारलं. ती भाकरी थापत होती. "पूस की. त्येंनी तरी सरखेलाला इचारून लावलं व्हतं व्हय?" मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "घरात ठिवलं तर वाळवी खाईल. दोगांचंबी जाईल."

तिचं बरोबर आहे. तरी बाटली दोनदा उघडून मी परत बंद केली. तुमचा चेहरा मला आठवत नाही, हे तिला सांगितलेलं नाही.

हे पत्र टपालात पडणार नाही, ते मला कळतं. संग्राहक शनिवारी येणार आहेत. पुसू की नको, ते शुक्रवारपर्यंत कळवा.