चौथा प्रश्न

९ एप्रिल
पुन्हा म्पिगीच्या दवाखान्यात. आमचा प्रकल्प एवढाच – बाळाच्या लसीची तारीख आली की आईच्या मोबाइलवर निरोप जातो. पास झाला तर पदवी, नाही तर वर्ष गेलं. माझा प्रकल्पातला जोडीदार, नाव तुम्वीने, दिवसभर कोपऱ्यात बसून रोलेक्स – चपातीत गुंडाळलेलं ऑम्लेट – खात होता. "कोड तुझा, तोंड माझं," म्हणे. तोंड चाललंच होतं.

१४ एप्रिल
आमचे मार्गदर्शक ओपोलोट सर यादी चाळत होते. "ही नाकातो वर्षभर आलेली नाही. हिच्या नावानं निरोप का जातोय?"
दवाखान्यात फोन लावला. नाज्जुमा सिस्टर म्हणाल्या, "ती उडाली गं."
म्हणजे जुळ्यांतली – थोरली बाबिर्ये, धाकटी नाकातो, ही नावं ठरलेलीच. जुळं मूल मेलं असं आमच्या बुगांडात कुणी म्हणत नाही. उडालं म्हणायचं. मग 'मृत'वर खूण कोण करणार? ती चौकट ठेवली मीच, आणि मी बुगांडातलीच! डोक्यातच आलं नाही.

१५ एप्रिल
सर पूर्वेकडचे, आमच्यातले नाहीत. त्यांना हे सांगून उपयोग नव्हता, तरी सांगितलं.
"मेलेल्या मुलीला लसीला बोलावणारा प्रोग्राम बाहेरचे परीक्षक पास करतील? प्रश्न सक्तीचा करा. जिवंत की मृत. उत्तर दिल्याशिवाय पुढं जाता कामा नये."
बरोबर आहे. केला. चौथा प्रश्न.

२२ एप्रिल
सिस्टर आमचा प्रोग्राम सोडून वहीवर परत गेल्यात. का, तर –
"तसलं मी लिहिणार नाही. जुळ्यांची नावं जोडीनंच घ्यायची असतात. नालोंगो दोन्ही नावं वाचते आणि बाबिर्येला घेऊन येते. तुझं काय दुखतंय त्यात?"
नालोंगो म्हणजे त्या मुलींची आई. जुळी झाली की बाईला सगळे नालोंगोच म्हणतात, मूळ नाव बाजूलाच पडतं.
नाकातोची नोंद मीच भरायला बसले. बसूनच राहिले.
"सरक," तुम्वीने म्हणाला. "मी तुमच्यातला नाही." मी सरकले. त्यानं 'मृत' केलं. मला काही वाटलं नाही. परतीच्या टॅक्सीत तो बडबडत होता, मी खिडकीबाहेर बघत होते.

३ मे
बाबांनी मामाला सांगूनही टाकलं – पदवीच्या जेवणाला या. अजून परीक्षा व्हायची आहे.

११ मे
बाहेरच्या परीक्षक डॉ. नान्तोंगो. आधीच्या गटातली मुलगी रडत बाहेर आली. तुम्वीनेनं तोंड उघडलं तोच – "बोलू नका. मी स्वतः भरून बघते."
भरायला लागल्या. भराभर. मग थांबल्या. मला पडदा दिसत नव्हता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.
"हे पुढं जात नाही."
सर घाईघाईनं म्हणाले, "मॅडम, चौथ्या प्रश्नाचं उत्तर सक्तीचं आहे."
"दिसतंय मला." लॅपटॉप मिटला. "पुढचा गट."
बाहेर आल्यावर तुम्वीने भिंतीला टेकला. "माती खाल्ली आपण. गेलं वर्ष."
बाबांना काय सांगू?

१२ मे
पास. दुरुस्ती एकच – चौथा प्रश्न काढा.
लॅपटॉप उघडला. मॅडमची अर्धवट नोंद तशीच होती. जुळे मुलगे. आई: नालोंगो. फोन मॅडमचाच. वास्वा – जिवंत. कातो – पुढं काहीच नाही.
प्रश्न काढला, मॅडमची नोंद पुढं गेली. नाकातोच्या नावापुढचं तुम्वीनेचं उत्तरही पुसलं. रडले. सोमवारी दोन्ही घरी, नाकातोच्या आणि मॅडमच्या, निरोप जातील, जोडीनं.