ओटी भरून घालवलेली बाई

६ जानेवारी, सोमवार

धाराशिवहून पत्र आलं. "कामाच्या ठिकाणी एचआयव्ही : उद्योजकांसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण." पाकिटावर काय लिहिलंय — श्रीमती मथुराबाई, खवा उद्योजिका, भूम. उद्योजिका! हे गेल्यावर एका कढईवर सुरू केलं, आज सहा भट्ट्या आणि अकरा माणसं आहेत, तरी गावात मी अजून "खव्याची बाई"च. पत्र दोनदा वाचलं.

विषय कसला का असेना. आमच्या भट्टीवर तसलं कुणी नाही. पण बोलावलंय मानानं, तर जाऊन येते.

९ जानेवारी, गुरुवार

तीस बाप्ये आणि मी एकटी बाई. गूळवाले, डाळ मिलवाले, वीटभट्टीवाले. माझ्या शेजारी जळकोटचे रेवणप्पा. हायवेला पेढ्याचं दुकान, मागं स्वतःची भट्टी. म्हणजे धंद्यातलेच निघाले! बोलणं कानडी वळणाचं, गडी मोकळा. "अक्का, आपन खवा करावं, पेढा करावं. हे रक्ताचं आपल्याला कशाला?"

शिकवायला श्रावस्ती मॅडम. माझ्या लेकीच्या वयाची पोर. आवाज बारीक, पण कुणाला भीत नाही. हाताळलेल्या खाण्यातून हा आजार लागत नाही, घामातून नाही, एका ताटात जेवल्यानं नाही. गोळ्या वेळेवर घेणारा माणूस चारचौघांसारखं काम करतो. त्याला कामावरून काढणं कायद्यानं गुन्हा. रक्त तपासून ये म्हणायचं नाही. आणि त्यानं तुम्हाला विश्वासानं सांगितलं, तर ते तुमच्यापाशीच राहिलं पाहिजे.

मिलवाल्यानं विचारलं, "घरात बी सांगायचं न्हाय?"

"घरातसुद्धा नाही."

मी उगीच पाणी प्यायले.

१० जानेवारी, शुक्रवार

आज नाटकं करायला लावली. रेवणप्पा कामगार, मी मालकीण. ते हात जोडून म्हणाले, "मालकीनबाई, मला तो आजार हाय." सगळे हसले. मी एका दमात बोलून गेले — "हे बघ बाबा, तू घरी आराम कर. बरं वाटेपर्यंत येऊ नकोस. काळजी करू नकोस, तुझा मान राखूनच पाठवीन."

टाळ्या पडल्या! श्रावस्ती मॅडमनं नाही वाजवल्या.

"ताई, तुम्ही यांना आत्ता कामावरून काढलंत."

"अगं, मी तर किती गोड बोलले!"

"हो. गोड बोलून काढलंत."

रागानं अंग तापलं. जेवणात जिलबी होती, शिवलेसुद्धा नाही. एवढीशी पोर मला शिकवते! परतीच्या एसटीत बार्शीपर्यंत तिच्याशी मनातल्या मनात भांडत होते. बार्शीच्या पुढं भांडण थांबलं. कारण ते वाक्य मी आज पहिल्यांदा बोलले नव्हते. सहा वर्षांपूर्वी बोलले होते, अक्षर न् अक्षर तेच.

११ जानेवारी, शनिवार

अयोध्या.

लिहूनच टाकते. माझ्या भट्टीवरचा सगळ्यात चांगला हात तिचा. खवा कधी उतरवायचा ते नुसत्या वासावरून सांगायची. एकदासुद्धा लागला नाही तिच्या हातून. नवरा आजारी पडला, धाराशिवच्या दवाखान्यात ठेवला होता. मी सहज विचारलं, काय झालंय गं? ती खरं सांगून मोकळी झाली. त्यालाही आहे, तिलाही आहे. माझ्यावर विश्वास टाकला तिनं!

मी काय केलं? नवी साडी आणली. खण, नारळ, तांदूळ. भट्टीतल्या सगळ्यांसमोर पाटावर बसवून, विधवेनं भरू नये म्हणतात तरी, मीच तिची ओटी भरली आणि म्हटलं, घरी आराम कर, बरं वाटेपर्यंत येऊ नकोस. ओटी भरलेल्या बाईला कुणी "काढलं" म्हणत नाही ना! ती पाया पडली माझ्या. त्या रात्री मला छान झोप लागली होती, हेही लिहायला पाहिजे.

आणि जाऊबाईंना सांगितलं. फक्त जाऊबाईंना. फक्त! आठ दिवसांत सगळ्या भूमला माहीत. पाणवठ्यावर बाया तिच्या घागरीला घागर लावीनात. महिन्यात घर मोडून गेले ते लोक. कुठं गेले, मी विचारलंसुद्धा नाही.

लाज वाटते.

१४ जानेवारी

संक्रांत. जाऊबाई तिळगूळ देऊन "गोड बोला" म्हणाल्या. गोड बोलायचीच भीती बसलीय मला.

१६ जानेवारी, गुरुवार

आमचा खवा गावोगाव पोचवणाऱ्या टेम्पोवाल्या बब्रुवानला विचारलं, अयोध्याचा काही पत्ता?

"हाय की, जळकोटला. रेवणप्पाच्या भट्टीवर. चार वर्सं झाली."

रेवणप्पा! दोन दिवस ज्यांच्या मांडीला मांडी लावून बसले ते!

"मग मला कधी बोलला नाहीस?"

"तुमी कवा इचारलं?"

बरोबर आहे. परवा जाणार. तिला परत आणणार. पगार वाढवून, मानानं. पुन्हा "मानानं" लिहिलं बघा! तो शब्द आता नको.

१८ जानेवारी, शनिवार

बब्रुवानच्या टेम्पोतून गेले. तीन तास. वाटेत मनात भाषण तयार. साडी घेतली होती, ती पिशवीतच राहिली.

रेवणप्पांना केवढा आनंद! "अक्का आल्या, अक्का आल्या!" म्हणत मागं भट्टीवर घेऊन गेले. अयोध्या कढईपाशी उभी. वाळलीय, पण हात तोच. कपाळ मोकळं. नवरा गेला तर! मला बघितलं आणि तोंडाचा रंगच उतरला तिच्या. उलथनं मात्र थांबलं नाही, खवा लागला असता.

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. हिनं इथं कुणाला सांगितलेलं नाही. आणि मी माफी मागायला म्हणून जे पोतडीत घेऊन आले होते, ते इथं नुसतं उघडलं तरी हिची चूल विझणार होती. दुसऱ्यांदा, माझ्याच हातानं.

रेवणप्पा म्हणाले, "हिला वळखता काय? बरं झालं! अक्का, सगळी भट्टी हिच्या हवाली करावं म्हन्तो मी. चार वर्सं झाली, एक खाडा न्हाई, एक तक्रार न्हाई. पर भूमचं काम का सोडलं इचारलं तर तोंड उघडत न्हाई. तुमीच सांगा, काय भानगड?"

भट्टीवर चार-पाच बाया होत्या. सगळ्यांचे कान माझ्याकडं. बब्रुवान दारात उभा. त्याला तर सगळं माहीत! अयोध्या खाली कढईत बघत होती.

मी म्हटलं, "माझ्या जिभेपायी सोडलं हिनं. तिची काडीची चूक नव्हती. मी नको ते बोलले, चार लोकांत बोलले. स्वाभिमानी बाई आहे, गेली. असा हात मला पुन्हा मिळाला नाही."

रेवणप्पा मोठ्यानं हसले. "तुमची जीभ व्हय! ती धाराशिवलाच कळली की, अक्का!" आणि तिथल्या तिथं बायांना सांगितलं, आजपासून अयोध्या सांगेल तसं करायचं.

चहा घेऊन तीच आली. दोन मिनिटं एकट्या होतो. भाषण सगळं विसरले. "चुकले गं," एवढंच निघालं तोंडातून.

"व्हय बाई, चुकलात," ती म्हणाली. रागावली नव्हती, सांगितलं फक्त. मी म्हटलं, परत चल. तर मान हलवली. "न्हाय. हितं बरं हाय माझं. तुमी आलात, आज राखलंत, बरं वाटलं. पर आता पुन्यांदा येऊ नगा, बाई. तुमच्यामागं भूम येतंय."

येताना नळदुर्गपर्यंत रडले. बब्रुवाननं गाडी थांबवली, पाण्याची बाटली दिली, पुन्हा चालू केली. शहाणा आहे.

१९ जानेवारी, रविवार

शहाणा कसला! भट्टीवर सगळ्यांना सांगून बसलाय. बोलावून झाडला.

"कुठं गेलतो त्ये न्हाय सांगितलं, मालकीण. आयशप्पथ! तुमी काय बोललात तेवढंच सांगितलं."

"ते तरी कशाला?"

"चांगलं बोललात म्हनून."

यावर माणसानं काय ओरडावं? दिवसभर भट्टीवर सगळे जरा जपूनच बोलत होते. दूधही आज बरं आलं, थंडीत म्हशींना दूध जास्तच असतं.

२१ जानेवारी, मंगळवार

दुपारी भट्ट्या विझल्यावर एक माणूस येऊन समोर बसलं. आमच्या अकरांतलंच. मग म्हणालं, "मला बी हाय. सात वर्सं झाली. गोळ्या चालू हायेत."

सात वर्षं! म्हणजे अयोध्याला पाटावर बसवलं तेव्हा हे माणूस तिथंच होतं. ओटीचं ताट मी याच हातांतून घेतलं होतं.

नाव लिहीत नाही. बाई का बाप्या, तेही नाही.

बोलायला गोड काही आलं तोंडाशी, ते गिळलं. म्हटलं, "उद्या पाचला ये. दूध जास्त आहे."