पंचेचाळीस टक्क्यांवरचा लॅपटॉप

तीर्थरूप विनायकमामा,

सुरतच्या पांडेसऱ्याहून धनश्रीचा नमस्कार. मामींच्या गुडघ्याला आराम असेल असं धरून चालते. नसेल तर कळवा, मम्मी तेल पाठवेल (असला तरी पाठवेल). आमच्या तब्येती ठीक आहेत. घरात चर्चा एकाच तब्येतीची असते, तुम्ही दिलेल्या लॅपटॉपची.

लॅपटॉपमध्ये दोष नाही, हे आधी लिहिते. दोष घरात आहे. माझं इंजिनिअरिंग झालं म्हणून तुम्ही तो दिलात, पण मम्मीच्या लेखी ती माहेरून आलेली वस्तू आहे. तिने त्याला क्रोशाचं झाकण विणलं आणि मी जेवायला उठले की ती ते चालू लॅपटॉपवर घालते. गरम हवा बाहेर सोडणारी जाळी त्याने बंद होते आणि आतला पंखा जोरात फिरू लागतो. (झाकण सुंदर आहे. त्यावर मोर आहे.) पप्पांनी पंखा ऐकला. आयुष्य कापड रंगवायच्या डाइंग मिलमधली मशीनं सांभाळण्यात गेलेला माणूस. त्यांनी विचारलं, याचा वेग कमी कुठून करतात? प्रश्न नेमका होता, म्हणून मी पॉवर सेटिंग उघडून दाखवलं. प्रोसेसरने जास्तीत जास्त किती टक्के जोर लावायचा, ते तिथे ठरतं. तेव्हापासून मी तिथे शंभर लिहिते आणि मी अंघोळीला गेले की पप्पा पंचेचाळीस करतात.

फार तापला तर प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो, हे मी समजावलं. त्यांचं म्हणणं, मिलमध्ये नवं मशीन कोणी फुल चालवत नाही, बेरिंग जातं. मी म्हटलं, याला बेरिंग नाही (पंख्याला असतं, ते सांगितलं नाही). "बेरिंग नही? मंग तर त्याले जास्तच जपनं पडी," पप्पा म्हणाले. खरं कारण नंतर आलं: मेव्हण्यांनी दिलेलं मशीन माझ्या घरात बंद पडलं, तर बारडोलीला त्यांच्या दारात कोणत्या तोंडाने जाऊ? पासवर्ड बदलायचा विचार मी केला होता. पण आमच्याकडे मुलीने पासवर्ड बदलला की त्याचा अर्थ कोणीतरी मुलगा आहे असा होतो.

मागच्या आठवड्यात पर्वत पाटियाच्या एका साडीवाल्या शेटना मी माझा प्रोग्राम दाखवायला गेले. एक डिझाइन दिलं की तो तीच साडी हव्या त्या रंगांत दाखवतो. घाईत सेटिंग बघायचं राहिलं. पहिली साडी पदराकडून उगवू लागली आणि शेटचा चहा संपला तेव्हा निऱ्यांपर्यंत आली होती. "बेन, आ चालु छे ने?" त्यांनी आजाऱ्याची चौकशी करावी तसं विचारलं. शुक्रवारी पुन्हा बोलावलंय, हे त्यांचं सौजन्य. जमलं तर माझं पहिलं स्वतःचं काम. नाही जमलं तर पप्पांनी मिलच्या ऑफिसात शब्द टाकून ठेवलाय, बिलं टाइप करायला. त्या कामाला पंचेचाळीस टक्के भरपूर आहेत.

बाकी सर्व ठीक. मामींना नमस्कार सांगा.

तुमची,
धनश्री

ता. क. शुक्रवारच्या आत पप्पांना फोन करा. लॅपटॉप फुल चालवायलाच दिलाय, आणि जळाला तरी तुमच्या घरी त्यांचा मान जिथल्या तिथे राहील, असं सांगा. दुसऱ्या कोणाचं ते ऐकणार नाहीत.

ता. क. दुसरा. पत्र टेबलावर राहिलं आणि पप्पांनी वाचलं. संध्याकाळी सेटिंगमध्ये शंभर होतं. मात्र शुक्रवारी ते रजा काढून माझ्याबरोबर येणार आहेत. प्रोग्राम चालू असताना लॅपटॉपच्या पाठीवर हात ठेवून बसतील आणि चटका लागला की सांगतील. शेटकडे एसी आहे का, हे आधी विचारायला लावलंय. तेव्हा फोन कराच, पण आता त्यांना घरी थांबवायला.

किंवा राहू द्या. शेट आपल्या दोन मुलांना घेऊन बसतात. माझ्या बाजूलाही कोणीतरी असलेलं चालेल.