जांभळाखालची जागा

११ फेब्रुवारी
पाणी आज नऊपर्यंतच. कुसुमला ऑक्सिजनची नळी लावून खिडकीशी बसवलं. कॉलनीची सभा मैदानातच होती, तळमजल्यावरून सगळी दिसते, तेवढीच तिला करमणूक.

रिडेव्हलपमेंटची सभा. या वेळी बिल्डर नव्हता, त्याची आर्किटेक्ट मॅडम होती. मॅडम कसली, आमच्या प्रशांतपेक्षा लहान पोरगी. टेबलावर चादरीएवढा नकाशा पसरला. म्हणाली, जुन्या चार बिल्डिंगी पडणार, दोन सातमजली होणार, पण मधली मोकळी जागा तुमची. ती कशी हवी ते तुम्ही सांगायचं. इतकी वर्षं कंपनीच्या कॉलनीत काढली, कंपनी बंद पडली तरी कुणी काही विचारलं नव्हतं. मला पोरगी आवडली.

पद्धत अशी. आपण जिथे जे करतो ते चिठ्ठीवर लिहायचं आणि नकाशावर त्या जागी चिकटवायचं. रविवारपर्यंत मुदत. माझं अक्षर बरं, म्हणून म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्या गळ्यात. स्टोअरमध्ये जन्मभर लेबलंच लिहिली, त्यामुळे काही वाटलं नाही. उलट थोडी ऐटच वाटली.

१३ फेब्रुवारी
चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. धुणं वाळत घालतो. कुरडया घालतो. गणपतीचा मांडव. क्रिकेट. ‘क्रिकेट बंद करा’ (काच फुटलेल्या घरातून). चेअरमन दळवींची एकच, ‘गाडी लावतो’. सुवाच्य अक्षरात, खाली सही.

दुपारी ‘क’ बिल्डिंगच्या सिंधूबाई गायकवाड आल्या. ‘भाऊ, ल्ह्या, आमी बायका सांच्याला पाण्याच्या टाकीपाशी बसतो.’ लिहिलं. मग मैदानातल्या जांभळाकडे बघत राहिल्या. ‘आनि...’
‘आणि काय?’
‘काय न्हाई. येवढंच ल्ह्या.’

१५ फेब्रुवारी
नकाशा सध्या आमच्याच घरी आहे. सगळा चिठ्ठ्यांनी भरला. फक्त जांभळाखालचा तुकडा कोरा.

कुठेच लिहिलेलं नाही, तर इथे तरी लिहून ठेवतो. कॉलनीतलं कुणीही गेलं की घरातून आधी जांभळाखाली आणायचं. गावाहून, मुंबईहून माणसं येईपर्यंत तिथे ठेवायचं. तिरडी तिथेच बांधायची. गायकवाडांकडचं कुणी असलं तर त्रिसरण-पंचशील तिथेच. सगळी कॉलनी भोवती उभी राहणार, मग तिथून उचलायचं. जात कुठलीही असो, जागा तीच. म्हणून तिथे कुणी स्कूटर लावत नाही, दोरी बांधत नाही. पोरांचा बॉल तिकडे गेला तर पोरं गप जाऊन आणतात. त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

पण हे चिठ्ठीवर कसं लिहायचं? नव्या घराच्या नकाशावर, एवढ्या आनंदाच्या कामात? कुणाची जीभ रेटत नाही. माझी तर नाहीच. घरात हे ऑक्सिजनचं मशीन चोवीस तास घरघरतंय.

रविवार
मॅडमने नकाशा भिंतीला लावला. खूश झाली. चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या, पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग जांभळाच्या तुकड्यावर बोट ठेवून म्हणाली, ‘इथे कुणीच काही करत नाही ना? मग तळघरातल्या पार्किंगचा उतार इथून काढू. बाकी सगळं वाचतं.’

कुणी बोललं नाही. दळवी चप्पल बघत होते. सिंधूबाईंनी पदर तोंडाशी धरला. सगळे सगळीकडे बघत होते, फक्त आमच्या खिडकीकडे नाही. तेव्हा मला कळलं की मीही बोलणार नाही. बोललो असतो तर सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं असतं.

मॅडमने विचारलं, ‘चालेल ना?’ माना हलल्या. माझीही.

घरी आलो. कुसुम म्हणाली, ‘काय ठरलं?’
‘बाग, बाकं, घसरगुंडी.’
‘आनि जांबळ?’
‘आहे तसंच.’

पन्नास वर्षांच्या संसारात तिच्याशी खोटं बोललो नाही असं नाही. पण हे लागलं.

२ मार्च
कुसुमला आज बोलायची उबळ आली होती. तिच्या बहिणीचे यजमान तळेगावात गेले, त्याचं सांगत होती. पाचवा मजला. स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावेना, जिन्यात वळेना. ‘खुर्चीत बसवून आनला वो. मान अशी लवंडत व्हती. मेल्यालं मानूस, त्याला बसाया लावलं. मला तसं नगा करू.’

म्हटलं, मी आधी जाणार, तू बघ माझं काय करायचं ते.
‘तुमी कुटं जाताय? तुमाला लोकांच्या चिट्ट्या लिव्हायच्या हायत.’ हसली आणि खोकत बसली. मग दम आल्यावर, ‘मला आपली जांबळाखाली आडवी ठेवा. तितं वारं असतं.’

ठेवीन म्हणालो.

उद्या मॅडमला फोन करायचा.

३ मार्च
केला नाही.

१० मार्च
केला. तिने उचलला, ‘बोला काका’ म्हणाली. मी बाकांना पाठ असावी एवढंच सांगितलं. ती म्हणाली, छान सूचना.

२२ एप्रिल
सामानाची बांधाबांध सुरू केली. बिल्डरने सगळ्यांना इकडे तिकडे भाड्याची घरं दिलीत. आम्हाला वलवणला, तिसरा मजला. कुणी तुंगार्लीला, कुणी खंडाळ्याला. सिंधूबाई भाज्याला पुतण्याकडे. भाजं कुसुमचं माहेर, म्हणून त्यांचा हेवा करते.

फ्लॅट बघायला गेलो तेव्हा टेपने लिफ्ट मोजली. आतून जेमतेम चार फूट लांब. का मोजली ते लिहीत नाही.

१ मे
आलो. कुसुमला खुर्चीत बसवूनच वर आणली. तिने लिफ्ट नीट बघून घेतली, वरपासून खालपर्यंत.

इथून खिडकीतून समोरच्या बंगल्याचा पोहण्याचा तलाव दिसतो. शनिवार-रविवार मुंबईची माणसं त्यात उड्या मारतात. कुसुम म्हणते, ‘बरं हाय की. शिनेमा.’

४ जून
सिंधूबाई डबा घेऊन आल्या. जांभळं! कॉलनीला सगळीकडून पत्रे ठोकलेत, बिल्डिंगी निम्म्या पाडल्यात, पण जांभूळ उभं आहे. वॉचमनशी भांडून आत गेल्या आणि पदरात वेचून आणली. ‘म्या म्हनलं, बाबा, झाड तुज्या मालकाचं न्हवं.’

कुसुमने पाच-सहा खाल्ली. जीभ बाहेर काढून मला दाखवली, जांभळीगार. किती दिवसांनी अशी हसली. सिंधूबाई निघताना दारात हळूच म्हणाल्या, ‘भाऊ, सांगायला पायजे व्हतं आपन.’ मी चपला घालून त्यांना खालपर्यंत सोडलं.

३० जुलै
चार दिवस वही उघडली नाही.

कुसुम शनिवारी सकाळी गेली. प्रशांत आदल्या दिवशीच आला होता. तिने चहा मागितला, मी तो करून आणेपर्यंत.

अँब्युलन्सची दोन माणसं आली. जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर अडकलं. पुढे करून पाहिलं, उभं करून पाहिलं. मग त्यातला एक म्हणाला, ‘काका, एखादी खुर्ची द्या.’

मी म्हणालो नाही. प्रशांत म्हणाला, ‘बाबा, दुसरा मार्ग नाहीये.’ दुसरा मार्ग होता. एप्रिलमध्ये लिफ्ट मोजली तेव्हाच तळमजला मागायला हवा होता, तिथेही मी तोंड उघडलं नाही.

प्लास्टिकची खुर्ची. चादरीने बांधली. लिफ्टमध्ये खुर्ची आणि एकच माणूस मावत होता, तो मी. तीन मजले दोन्ही हातांनी तिचं डोकं धरून उभा होतो. मान लवंडू दिली नाही. एवढंच करता आलं.

खाली आल्यावर ड्रायव्हरला म्हटलं, कॉलनीत घे. प्रशांत म्हणाला, तिकडे काय आहे आता? पण घेतलं. शनिवार, पावसाचे दिवस, भुशी डॅमकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग. आमच्या पुढच्या गाडीच्या टपातून दोन पोरी उभ्या राहून व्हिडिओ काढत होत्या. सायरनचा कुणाला काही फरक पडत नव्हता. पंधरा मिनिटांच्या रस्त्याला दीड तास.

आणि कॉलनीच्या गेटाशी सगळे उभे होते. दळवी, सिंधूबाई, ‘अ’ बिल्डिंगचे, ‘ड’चे. मी कुणालाच कुठे या ते सांगितलं नव्हतं, प्रशांतने फक्त गेल्याचं कळवलं होतं. वलवणला कुणीच आलं नाही. तुंगार्लीहून, खंडाळ्याहून, भाज्याहून सगळे परस्पर इथे आलेले. छत्र्या धरून.

वॉचमनने गेट उघडलं नाही. ‘साहेबांना विचारायला लागतं, आत खड्डे आहेत.’ साहेब फोन उचलेनात. दळवींनी आवाज चढवला, हातही जोडले. वॉचमन तरी काय करणार, त्याची नोकरी. पत्र्यांच्या फटीतून जांभूळ दिसत होतं. फार तर चाळीस पावलं.

शेवटी पत्र्याला लागून रस्त्याच्या कडेला ठेवली. आडवी. सिंधूबाई तिच्या उशाशी बसून पुटपुटत होत्या, त्यांचं पंचशील असावं. एक फांदी पत्र्यावरून बाहेर आली होती, तिची डहाळी मोडून त्यांनी कुसुमच्या हाताशी ठेवली. गाड्या हळूहळू बाजूने जात होत्या. एकीतलं गाणं बंद झालं. बाकीच्यांतली चालू होती.

९ ऑगस्ट
मॅडम भेटायला आली. चहा मीच केला. तिला कुणीतरी सगळं सांगितलं होतं. बराच वेळ कप हातात धरून बसली. ‘काका, एकाने जरी सांगितलं असतं. मला ती जागा रिकामी दिसली.’

तिचा काय दोष? तिने विचारलं होतं. निम्म्या चिठ्ठ्या माझ्या अक्षरातल्या होत्या. एक लिहायची राहिली, ती मी लिहिली नाही.

म्हणाली, नकाशा मंजूर झालाय, पण झाड तोडायची परवानगी बाकी आहे. झाडावर नोटीस लागेल, तेव्हा हरकत घेता येते. आणि कॉलनीने ठराव केला तर उतार मागच्या बाजूला नेता येतो का, ते ती बघेल. ‘नक्की सांगत नाही,’ म्हणाली. नक्की सांगितलं नाही ते बरं वाटलं.

जाताना जिन्याने गेली.

२४ ऑगस्ट
ठरावासाठी सभा, दळवींच्या भाड्याच्या घरात. मी उभा राहिलो. जे फेब्रुवारीत बोलायला हवं होतं ते सगळं बोललो.

दळवी सावकाश म्हणाले, ‘भाऊ, तुमचं दुःख आम्हाला कळतं. पण वरचे फ्लॅट बाहेरचे लोक घेणार. गेटात शिरल्या शिरल्या हे त्यांना कसं वाटेल? आणि हल्ली सगळं हॉस्पिटलातूनच होतं.’ दोघा-तिघांनी माना डोलावल्या. तरुण मंडळींनी जास्त.

सिंधूबाई मागून बोलल्या. ‘चेरमन, तुमची आय दिसभर तितंच व्हती. तुमचा भाव यायचा व्हता मुंबैवरनं. माश्या बसू नये म्हनून म्या वारा घातला.’

कुणीतरी पंखा मोठा केला. निर्णय पुढच्या सभेवर. मी घरी येऊन दोन माणसांचा भात लावला, मग लक्षात आलं.

३ सप्टेंबर
नोटीस लागली. वॉचमनने या वेळी आत सोडलं, माझ्याकडे न बघता. आमची ‘ब’ बिल्डिंग नाहीच. खिडकी कुठे होती ते जांभळावरून ओळखलं. आजवर उलटं असायचं, खिडकीतून जांभूळ दिसायचं.

हरकतीचा अर्ज लिहायला बसलो. सावली मिळते, पक्षी येतात, झाड जुनं आहे. पानभर लिहिलं, अक्षर सुरेख. वाचलं आणि फाडून टाकलं. खोटं त्यात एकही अक्षर नव्हतं, पण पुन्हा तेच करत होतो.

दुसरा लिहिला. ‘या झाडाखाली आम्ही कॉलनीतले लोक आमची गेलेली माणसं शेवटची ठेवतो. नव्या इमारतीत त्यांना आडवं ठेवायला दुसरी जागा नाही.’ दोनच ओळी. त्याला तास लागला.

५ सप्टेंबर
नगरपालिकेत अर्ज दिला. सह्या दोन, माझी आणि सिंधूबाईंची. कारकुनाने वाचला, माझ्याकडे पाहिलं, परत वाचला. पोच दिली. सुनावणीची तारीख कळवू म्हणाला.

संध्याकाळी दळवींचा फोन.
‘दिला का अर्ज?’
‘दिला.’
‘आईचं नाव घातलंय का त्यात?’
‘नाही.’
‘बरं.’
बरं म्हणजे घाला की घालू नका, विचारायचं धाडस झालं नाही.

८ सप्टेंबर
तारीख कळलेली नाही. सभाही नाही.

अर्जाला पुरवणी जोडावी म्हणून नावं आठवायला बसलो. जांभळाखाली कोण कोण होतं ते. सिंधूबाईंना फोन लावून विचारलं, त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. त्यांचे यजमान. ‘ड’ बिल्डिंगमधली बाळंतपणात गेलेली सून. फिटर जाधव. दळवींची आई, पेन्सिलीने, म्हणजे नको म्हणाले तर खोडता येईल. पान भरत आलं.

शेवटी सिंधूबाई म्हणाल्या, ‘आनि आपली कुसुम.’

मी पेन टेकवलं आणि उचललं. म्हटलं, सिंधूबाई, तिचं नाव यात येत नाही. तिला आपण बाहेर ठेवली होती.