मांगच्या बाकापर्यंत

सोमवार, ५ जानेवारी
आज लय मजा! कॉलेजची तपासणी हाय. ऑफिसातल्या रामधनबाबूनं मलेच पकडलं — "रव्या, सर कसे शिकवते हे पोरायनं लिहाचं असते. पोरं तं येऊन नाही राह्यले. तूच भरून टाक सारे." भूगोलाचे चाळीस फॉर्म! भूगोल म्हंजे देवमन सर. हाताले खाज सुटली. वीस उजव्या हातानं, वीस डाव्या. साऱ्यात एकच — आवाज मांगं येत नाही, आला तं झोप येते.

गुरुवार, ८
प्राचार्यायनं फॉर्म सरायले वाचाले देले. आज सर वरडून शिकवून राह्यले! "पठार!" म्हटलं तं खिडकीतलं कबुतर उडालं. हासून हासून पोट दुखलं.

मंगळवार, १३
सरायचा घसा बसला. खिशात खडीसाखर. आता बाकायच्या मधात येऊन शिकवतात. मले म्हणे, "रवी, येते का मांगं?"
"येते ना सर."
"मन नोको राखू."
आज कोणी हासलं नाही. मी बी.

शुक्रवार, १६
भूगोलाची परमनंट जागा निघाली! सर अकरा वर्षांपासून तासिकेवर हायेत. दरसाल नवीन मुलाखत, उन्हाळ्यात घरी. रोज मेडशीवरून एस्टीनं येतात. ही जागा त्यायचीच. अर्जाची शेवटची तारीख २०.
रामधनबाबू म्हणे, "अर्ज नेलाच नाही त्यायनं. म्हणे, मले शिकवताच येत नाही बाबू, फॉर्मात लिहिलं ते काय खोटं हाय?"
"बाबू, तुमी सांगा ना त्यायले!"
"तोंड उघडशीन तं माही नोकरी जाईन बे."

रविवार, १८
दिवसभर निजून होतो. झोप आली नाही.

सोमवार, १९
उद्या सांगतोच. मारतीन तं मारतीन. फॉर्म खोटे हायेत हे समजलं की भरतीन अर्ज. कोरा अर्ज आणून ठेवला — रामधनबाबूच्या टेबलावरून उचलला!

मंगळवार, २०
स्टँडवर गाठलं. सारं सांगितलं. अर्ज पुढं केला.
सर म्हणे, "पहिल्याच दिवशी वळखलं म्या. तुहे पेपर कोण तपासते? अक्षर तुहंच होतं, दोन्ही हाताचं. पण लिहिलेलं खरं वाटलं मले."
अर्जाची घडी केली, माह्याच खिशात ठेवली अन् मेडशीच्या गाडीत बसले.