न्योर्दुरचं नाव

कोपनहेगन,
६ फेब्रुवारी १९६७

ती. आईस आल्दिसचा शि. सा. न. वि. वि.

सुका मासा पोचला. घराला बंदराचा वास येतोय म्हणून एस्किलने नाक मुरडलं आणि मग निम्मा स्वतःच लोणी लावून संपवला. जावई तुझ्या हातचं खाऊन बिघडतोय.

माझी तब्येत उत्तम. सुईण दर आठवड्याला थोरच्या वारी, म्हणजे गुरुवारी, बोलावते. इथे ओदिन आणि थोर हे जुने देव अजून आठवड्यात ठाण मांडून आहेत. आपल्याकडच्या बिशपने त्यांना वारांच्या नावांतून हाकललं, याचं एस्किलला भारी हसू येतं. मी त्याला सुनावलं की ते गेले कुठेच नाहीत, आमच्या घराघरांत जेवायला बसलेत. आपल्या तिथल्या एका गल्लीत एक थोरदुर, एक थोरगेरदुर आणि तीन थोरस्टाइन आहेत.

आता खरं ते लिहिते. न्योर्दुरदादा तीनदा स्वप्नात आला. ओले बूट दाराशी काढले आणि पलंगाच्या कडेला बसला. गेलेलं माणूस पोटुशीच्या स्वप्नात येतं ते नाव मागायला, हे तूच मला शिकवलंस. मुलगा झाला तर न्योर्दुर ठेवावं असं फार वाटतं. पण तुझ्या होकाराशिवाय ठेवणार नाही. नऊ वर्षांत आपल्या घरात ते नाव कुणी उच्चारलेलं नाही, हे मी विसरलेले नाही.

बाबांना नमस्कार. माया असू दे.

तुझी आल्दिस

बोलुंगारविक, आइसलँड,
१ मार्च

चि. आल्दिसला अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि चुलीपाशी बसून रडले. बाबांना दाखवलं नाही.

समुद्राच्या देवाचं नाव ठेवायची हौस त्यांची. मी नको म्हणत होते. ते म्हणाले, स्वतःच्या नावाच्या पोराला देव हात लावायचा नाही. तेविसाव्या वर्षी समुद्राने नेला, पुरायलासुद्धा परत दिला नाही. तेव्हापासून त्यांनी होडीत पाऊल टाकलेलं नाही आणि माझ्याशी कामापुरतंच बोलतात. मुलाला आपणच त्या नावाने बुडवलं असं त्यांनी मनात घेतलंय. तेच नाव पाळण्यात ऐकलं तर माणूस उरायचा नाही.

नको ठेवूस, बाळा. स्वप्नात आलेल्याला नाकारू नये हे मलाही कळतं. तुझा भाऊ रागावला तर माझ्यावर रागावू दे.

लोकरी मोजे दोन जोड पाठवते. जिने सांभाळून उतर.

तुझी आई

कोपनहेगन,
४ मे

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

परवा मुलगी झाली. मी सुखरूप. पोरगी अशी भोकाड पसरते की शेजारीण विचारत होती, आइसलँडला ऐकू जातं का.

तुझं म्हणणं मी मानलंच असतं. आता प्रश्नच मिटला, पण दादाला रिकाम्या हाताने पाठवलं याची रुखरुख आहे. बारसं पुढच्या महिन्यात. नाव तू सुचव. एस्किलची हरकत नाही.

तुझी आल्दिस

बोलुंगारविक,
१९ मे

चि. आल्दिस आणि छोटीला अ. उ. आ.

तुझ्या पत्रानंतर चार दिवस मी नुसती विणत बसले. मग सुचलं ते लिहिते. जुन्या गोष्टींत देव न्योर्दुरला एक लेक आहे, फ्रेया. आपला न्योर्दुर संसार न मांडताच गेला. तुझी मुलगी फ्रेया झाली तर त्याला लेक मिळेल. बघ, नऊ वर्षांनी त्याचं नाव लिहिलं, आणि हात थांबला नाही.

बारशाआधी नाव फोडू नये, तरी मी तुझ्या बाबांना सांगितलं. कॉफी पुढे ठेवली आणि म्हटलं, आल्दिस मुलीचं नाव फ्रेया ठेवील, आपल्या न्योर्दुरसाठी. ते उठून जातील अशी माझी खात्री होती. उठले नाहीत. कॉफी सगळी प्यायले. मग हळूच विचारलं, न्योर्दुरसारखी दिसते का गं?

मी लगेच हे पत्र लिहायला घेतलं. पहिल्या बोटीने फोटो पाठव.

तुझी आई