कोमट पाण्याचा दिवाळसण

१८ ऑक्टोबर, शनिवार. नळदुर्ग.
सासुरवाडीला पोचलो. लग्नानंतरची पहिली दिवाळी. बडदास्त एक नंबर! खोट एकच, बाथरूममधल्या गिझरचं पाणी कोमट. घरात कुणाचीच तक्रार न्हाय. मीच शोधून काढली. टेक्निकल नजर लागते.
धाराशिवला आमच्या घरचा गिझर श्रावणात मीच खोलून नीट केला. तेव्हापासून रोज सकाळी वाफाळती बादली भरून तयार. पण सासरे, शिवशरणमामा, मला नुसता पतसंस्थेतला क्लार्क समजतात. पाडव्याला शुभांगी मला तेल-उटणं लावणार. त्याच्या आत या घरात कडक पाणी आणून दाखवायचं. ठरलं.
शुभांगी म्हणाली, गिझरला हात लावू नका. बायका आधी असंच म्हणतात.

१९ ऑक्टोबर. सकाळ.
झाकण खोललं. आत वायरींचा नुसता गुंता. खाली एक गोल बटण आहे, नुसतं फिरतं. शोभेचं असावं.
मामा म्हणाले, जावईबापू, तुम्ही पाहुणे, बसा की जरा. मी बसलो न्हाय. मग ते खांद्यावर टॉवेल टाकून दारातच उभे राहिले. या वयात शिकायची केवढी हौस!

दुपार.
कॉइलवर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर. करंज्यांच्या कातण्यानं खरवडला. सासूबाईंना मी मामी म्हणतो. मामी म्हणाल्या, करंज्या अजून व्हायच्यात. म्हटलं, धुऊन देतो. त्यांनी हे पण सांगितलं, की आंघोळ आणि लिंगपूजा झाल्याबिगर मामा चहाचा घोट घेत न्हाईत. दर थोड्या वेळानं येऊन सांगत होत्या. फार धार्मिक घर आहे. अभिमान वाटला.

२० ऑक्टोबर. नरक चतुर्दशी.
कोमट पाण्याचा प्रॉब्लेम कायमचा मिटला. आता गार येतंय. दुरुस्तीत ही स्टेज असतेच.
सगळ्यांची अभ्यंगस्नानं झाली. आत मामा शिवशिव म्हणत होते, आवाज गल्लीच्या टोकापर्यंत. भक्ती असावी तर अशी.

२१ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन.
पाइपचा नट जरा आवळला तर हातातच आला. नट जुना होता, त्याला मी काय करणार? गच्चीवरची टाकी बाथरूममध्ये, तिथून मधल्या खोलीत, तिथून अंगणातल्या रांगोळीवर. फरशी मात्र आरशागत झाली.
वायरी जोडून बटण दाबलं. घरभर अंधार. पूजा पणत्यांच्या उजेडात झाली. लाइटीत अशी मजा न्हाय! मी हे बोलूनही दाखवलं. मामींनी कपाळाला हात लावला, भारावल्या असतील.
मामा आंघोळीचे कपडे घेऊन शेजारच्या महानंदाकाकूंकडं गेले होते. तिथं माझं कौतुक सांगितलं असणार. पूजा, चहा सगळं उरकून आले, चेहरा खुलला होता.
शुभांगी बोलत न्हाय. दिवाळीत बायकांना काम फार पडतं.

२२ ऑक्टोबर. पाडवा.
जिंकलो! बाथरूममध्ये बादली भरून कडकडीत पाणी! लाइट न्हाय, पाइप तुटलेला, तरी कडकडीत. म्हणजे गिझरनं आधीच तापवून आत साठवलेलं असणार. एवढी ताकद त्याच्यात आली कुठून? मी मामांना म्हटलं, बघितलं? मामा दम खात ओट्यावर बसले होते. नुसती मान हलवली.

२३ ऑक्टोबर. भाऊबीज. रात्री, धाराशिव.
संध्याकाळी निघालो. मामा खोकत खोकत स्टँडपर्यंत सोडायला आले. लाडवाचा डबा हातात दिला आणि म्हणाले, पुढच्या दिवाळीला तुम्ही तरास घेऊ नका, आमीच तिकडं येतो. मला भरून आलं.
तुळजापूर मागं पडल्यावर शुभांगी बोलली. मामांना कडक पाणी सोसत न्हाय, कोमटच लागतं. ते गोल बटण त्यांनीच कमी करून ठेवलं होतं. मला कडक पाणी हवं होतं तर नुसतं सांगायचं, फिरवून दिलं असतं. आणि पाडव्याची बादली महानंदाकाकूंच्या बंबातली. मामांनी स्वतः गल्लीतून उचलून आणली. जावयाची आंघोळ गार पाण्यानं व्हायला नको म्हणून.
मी डबा मांडीवर नीट धरला. मग म्हटलं, असू दे, आपल्या घरचा गिझर तरी मी नीट केलाय.
तिनं खिडकीबाहेर बघत सांगितलं. तो श्रावणापासून बंदच आहे. रोज माझ्या आधी उठून ती गॅसवर पाणी तापवते आणि बादली भरून ठेवते.
विचारलं, मग बोलली का न्हाईस? म्हणाली, तुम्ही त्या दिवशी लई खूश होता.
लाज वाटली. खरंच वाटली. म्हटलं, उद्यापासून माझं पाणी मी तापवीन, तुझंही.
म्हणाली, तापवा. पण शेगडी खोलू नका.